समुद्राच्या चित्रात माझी बाटली

सोमवार, ४ मार्च
लागले एकदाची नोकरीला! डोळ्यांच्या दवाखान्यात, स्वागतकक्षात. खिडकीजवळची फिरती खुर्ची आणि माझी पोचा आलेली हिरवी बाटली ठेवण्याइतकं टेबल. महिनाभर काम पाहून कायम करू, असं डॉक्टर म्हणाले. पहिलं काम सोपं दिसतंय: कॉम्प्युटर लॉक असला की पडद्यावर समुद्राची चित्रं एकामागून एक यावीत, म्हणजे ताटकळणाऱ्या पेशंटना बरं वाटेल.

मी शाळेत उशिरा गेले. आधी बाबांनीच घरी शिकवलं. जागेवरून उठताना काही उघडं टाकायचं नाही आणि दिवसाचं त्याच दिवशी लिहून काढायचं, हे त्यांचे पहिले धडे. म्हणून मी पाणी प्यायला उठले तरी लॉक करते. चष्म्यांचं काम बघणाऱ्या ताई हसल्या. म्हणाल्या, अगं बाई, तू शिंकायला वळलीस तरी कुलूप लावशील!

मंगळवार, ५ मार्च
दिवस नुसता वैतागात गेला. फोल्डर निवडलं, तर एकच चित्र गोंद लावल्यासारखं चिकटून बसलं. ते सुटलं तर मध्येच डॉक्टरांच्या पुतणीचं बारसं दिसायला लागलं. पेशंट खुश, डॉक्टर नाहीत. शेवटी जमलं. खबरदारी म्हणून, माऊसवरचा हात जरा थांबला की आपोआप लॉक व्हावं, असंही करून ठेवलं.

बाटली कुठे गेली कोण जाणे.

बुधवार, ६ मार्च
डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले. समुद्र सांगितला होता, घरचं सामान नाही, म्हणाले. बघते तर पडद्यावरच्या ओल्या वाळूत माझी बाटली. पोचा सुद्धा तोच. फोल्डरमधल्या चित्रात नुसती वाळू! सगळी चित्रं पुसली, नवी घातली, परत पुसली. रडकुंडीला आले. मीच चाळे करते असं समजून डॉक्टरांनी सेटिंगला स्वतःचा पासवर्ड लावला. आता मला काहीच बदलता येत नाही.

खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर नाही.

गुरुवार, ७ मार्च
स्वेटर खडकावर. डबा लाटांत. आणखी एक वस्तू दिसली तर उद्यापासून येऊ नकोस, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना काय तोंड दाखवू?

मग लक्षात आलं. लॉक होताना जे या खुर्चीत किंवा टेबलावर असतं, तेच जातं. मी उठून लॉक करते, म्हणून राहिले. ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मलाही धाड की, तेवढीच फुकटात सहल! माझ्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःच लॉकचं बटण दाबलं. तेवढ्यात फोन वाजला. मी वळले.

परत पाहिलं तर खुर्ची फिरत होती. रिकामी.

डॉक्टरांच्या मते ताई न सांगता घरी गेल्या. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ताई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. चष्मा त्यांच्या स्वतःच्या टेबलावर राहिला होता.

शुक्रवार, ८ मार्च
आता प्रत्येक चित्रात ताई. दर वेळी लॉक झालं की पाणी चढतं. कमर. छाती. मघाशी — हनुवटी.

बंद करून टाकू? पण ताई आत असताना बंद केलं तर —

डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत. दोनदा हाका मारल्या. दारातूनच ओरडले, पासवर्ड मिळणार नाही, जागेवर बस.

बसले आहे. लॉक होऊ द्यायचं नाही, बस्स. उजव्या हाताने माऊस हलवतेय, डाव्याने लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, बाबा रागावतील. पेशंट विचारतात, चित्रं का बंद? काय सांगू —

टेबल ओलं लागतंय. खारट वास.

डॉक्टर येईपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबवायचा ना—

पान संपत आलं. वही घसरतेय, एका हाताने उलटत नाही. क्षणभरच दुसरा हा