दोघे बसल्यावर येणारा आवाज

इब्री, ओमान
९ सप्टेंबर १९९७

ती. रुबिना आपास,
धाकट्या तौहीदचे सलाम. वि. वि.

तुझे पत्र आपल्या गावच्या हारूनभाईंनी मस्कतच्या अझैब्याहून येताना आणले. पत्राला ग्रीस लागू नये म्हणून आधी साबणाने हात धुतले, मग फोडले. खुशाली वाचून बरे वाटले. अब्बांच्या स्वतःच्या हातच्या दोन ओळी मात्र या खेपेलाही शेवटी नव्हत्या. चष्मा अजून दुरुस्त झाला नाही का? आपल्या शेंडेफळाला, नुमानला, जरा हलव. मी तिथे असतो तर एवढे दिवस लागले नसते.

आता फटफटीचे. नुमान म्हणतो इंजिन गेले. त्याला सांग, इंजिन एवढ्या सहज जात नाही. पण तू लिहितेस तसा खर्रखर्र आणि मध्येच टक असा आवाज येत असेल तर मला चेनची भीती वाटते. चेन तुटून मागच्या चाकात अडकली तर गाडी जागच्या जागी थांबते, वरचा माणूस थांबत नाही. अब्बा या वयात रोज एकटे तिच्यावरून बाजारात जातात, खाडीचे वळण घेतात, हे आठवले की घास उतरत नाही. आवाज सापडेपर्यंत त्यांना किल्ली देऊ नका. रागावले तर माझे नाव सांग.

आवाज कुठून येतो हे तो कधी येतो यावरून कळते. नुमानने असे करून पाहावे. गाडी स्टँडवर उभी करून न्यूट्रलमध्ये रेस करावी. आवाज आला तर दोष इंजिनात. मग मशिदीजवळच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडावी. तरीही आला तर इंजिनाचा दोष नाही, चेन किंवा चाक बघायचे. खड्ड्यात वाढतो का, तेही बघावे. घाईने उत्तर देऊ नये.

लहानपणी अब्बांनी मला अंगणात बसवून लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ माझ्या कानाला लावली होती, आठवते? तू मागे उभी राहून हसत होतीस. इथे गॅरेजात पिकअप आणि पाण्याचे टँकर सोडून काही येत नाही. परवा पोलिसाची एक मोटारसायकल रस्त्याने गेली. तिचा आवाज विरेपर्यंत मी पाना हातात धरून उभा होतो. आमचा मालक, अर्बाब, यल्ला यल्ला म्हणून ओरडला तेव्हा भान आले.

आपा, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
तौहीद

कर्ला, रत्नागिरी
३० सप्टेंबर १९९७

प्रिय तौहीद यास,
आपाचे अनेक दुवा. वि. वि.

तुझे पत्र पोचले. त्यात माझी चौकशी एका ओळीत आणि चेनची पानभर. तुझ्या बायकोचे कसे व्हायचे देव जाणे. गुडघा दुखतो म्हणाली तर चढताना दुखतो की उतरताना, असे विचारशील.

तू सांगितलेले सगळे नुमानने केले. आधी कुरकुरला, भाईजान तिकडून मास्तरकी करतात म्हणाला, मग पेचकस कानाला लावून अर्धी दुपार अंगणात बसला. उभ्या गाडीत आवाज नाही. मग उतारावर इंजिन बंद करून सोडली, तेव्हाही नाही. पुढचे दोन दिवस एकटा भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आला, तरी काही नाही. मला म्हणाला, आवाज घाबरून पळाला. पण सोमवारी शहरात जाताना पुन्हा सुरू, आणि खड्ड्यात तर फार. परत येताना त्याच उतारावर इंजिन बंद केले, तरीही येतच राहिला. म्हणजे इंजिन नव्हे, एवढे त्याला पटले. गाडीला भूत लागले आहे, हा त्याचा नवा शोध.

अब्बा ठीक आहेत. किल्ली द्यायची नाही म्हटले तर नुसते हसले. चष्म्याचे काम राहिलेच आहे. नेहमीसारखे एकटेच बाजारात जातात, तू उगाच काळजी करू नकोस. खजूर पाठवू नकोस, मागचे आहेत. वेळेवर जेवत जा आणि आम्हांला आठवत राहा.

तुझी,
आपा

इब्री
१८ ऑक्टोबर १९९७

ती. आपास,
तौहीदचे सलाम. वि. वि.

आवाज सापडला. नुमानला सांग, भूत नाही. तो एकटा असला की आवाज येत नाही, दुसऱ्या वेळी येतो. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेले असणार. मागे दुसरे माणूस बसले की गाडी खाली दबते आणि चेन कव्हरच्या पुढच्या टोकाला आतून घासते. इथे एका पिकअपचा मडगार्ड असाच भरलेल्या मालाखाली टायरला घासत होता, त्यावरून सुचले. अब्बांना मागे बसवून बघा, लगेच येईल. चेनला धोका नाही. कव्हरचा पुढचा बोल्ट ढिला करून ते थोडे खाली ओढायचे, एवढेच काम.

पण आपा, हे लिहिताना माझा हात थांबला. अब्बा एकटे जात असतील तर या आवाजाची तक्रार यायलाच नको होती. तू लिहिलेस शहरात जाताना येतो. म्हणजे शहरात दोघे जातात. चालवतो नुमान. मागे तू असतीस तर तसे लिहिले असतेस. मागे अब्बा. ज्यांनी जन्मात गाडीचे हँडल दुसऱ्याच्या हाती दिले नाही, ते मागे का बसतात? आणि इतक्या दिवसांत त्यांच्या हातची एकही ओळ नाही. चष्मा एवढा वेळ मोडका राहतो का?

मी अर्बाबकडे रजा मागितली. इन्शाल्ला म्हणाला, पासपोर्ट अजून त्याच्या कपाटातच आहे. मला फक्त खरे लिही. खोटी खुशाली वाचून मी इथे जास्त आजारी पडेन.

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावलेला,
तौहीद

कर्ला
७ नोव्हेंबर १९९७

प्रिय तौहीद यास,
आपाचे दुवा. वि. वि.

तू पकडलेस. बकरी ईदनंतर अब्बांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. तुला कळवायचे नाही म्हणून त्यांनी आम्हां दोघांना शपथ घातली. शेजारच्या बाबामियाँचा अमीन असाच बातमी ऐकून नोकरी टाकून धावत आला, त्याचा व्हिसा गेला, तो आजवर घरी बसून आहे. तुझे तसे व्हायला नको, हेच त्यांच्या तोंडी.

आता काठीने अंगणभर चालतात. व्यायामासाठी नुमान त्यांना शहरातल्या दवाखान्यात नेतो. मी माझी ओढणी दोघांच्या कमरेभोवती बांधते. मागे बसूनही गप्प नाहीत, प्रत्येक गिअरला नुमानला चूक दाखवतात. आवाजाचे तुला विचारावे, हे त्यांनीच सुचवले होते. तुझे पत्र वाचून दाखवले तेव्हा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, या पोरासमोर आता खोकायचीसुद्धा चोरी.

नुमान पाना घेऊन बोल्ट सोडायला बसला, तर अब्बांनी काठी आपटली. धोका नाही असे तौहीदने लिहिले आहे ना, मग हात लावायचा नाही, असे बजावले. कारण विचारले तर कागद मागितला. खाली डाव्या हाताने त्यांनीच लिहिले आहे. वेड्यावाकड्या अक्षरांना हसू नकोस. रजेसाठी भांडू नकोस, पण मागणे सोडू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
आपा

तौहीद,
रजा मिळेल तेव्हा ये. तू पुढे, मी मागे.
आवाज ठेवला आहे.
अब्बा