दोन पिना आणि एक रिकामा फुगा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कॉमिकमधल्या संवादांच्या फुग्यांत अक्षरे लिहिणे (सध्या निवृत्त, म्हणजे कोणी विचारत नाही), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. ही बातमी घरात सर्वांनाच नवी होती.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव माझ्या पत्नीस. घर तसेही तिचेच होते. मी फक्त एका खोलीत शाई सांडत असे. भिंतीवरच्या डागावर तिने आता खुशाल रंग द्यावा.

कलम २. आमच्या कॉमिकचे चौतीस वर्षांचे चारशे आठ अंक जावईबापूंस. जावईबापू कॉलेजात ग्राफिक नॉव्हेल शिकवतात. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी भाबडेपणाने विचारले, "म्हणजे जाड कॉमिकच ना?" त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"नाही हो बाबा. कॉमिक पातळ असतं, दोन पिनांवर उभं असतं, दर महिन्याला येतं आणि संपतच नाही. ग्राफिक नॉव्हेलला पुस्तकासारखा कणा असतो. त्यात एक अख्खी गोष्ट असते, तिला शेवट असतो. माणसं म्हातारी होतात, मरतात. खरं आयुष्यसुद्धा सांगता येतं त्यात."

हे अर्धा तास चालले. भाजी निवली.

त्यांचे चूक नव्हते, हे मी आता मान्य करतो; तेव्हा केले असते तर डोक्यावर बसले असते. आमचा नायक चौतीस वर्षे तिशीतच राहिला. त्याचे लग्न तीनदा ठरले आणि तीनदा मोडले, कारण ते झाले असते तर पुढचा अंक कशावर काढणार? दरीत कोसळला तरी पुढच्या महिन्यात झाडाला लटकलेला सापडे. जावईबापूंनी सर्व अंक वाचून काढावेत. परीक्षा नाही, घ्यायला मी नसेन.

कलम ३. माझे भिंग आमच्या संपादकसाहेबांस. साहेबांनी निवृत्त होता होता आमचे बारा जुने अंक एकत्र बांधले, वर जाड पुठ्ठा घातला आणि त्यावर 'ग्राफिक नॉव्हेल' असे छापले. चित्रे तीच, संवाद तेच, सतराव्या पानावर नायकाला दोन्ही हात डावे आहेत तेही तसेच. पिना काढल्या आणि साहित्य झाले! जी मंडळी आम्हाला दारात उभे करत नव्हती, ती ते पुस्तक दिवाणखान्यात मांडू लागली. माझे नाव अंकांवर नव्हते, पुस्तकावरही नाही. साहेबांनी भिंग लावून शोधावे, सापडल्यास घरी कळवावे.

कलम ४. आमच्या बाइंडरदादांना माझा जुना टाक द्यायचा होता. पण साक्षीदाराला वाटा देऊ नये म्हणतात. दादांनी बराच विचार करून साक्षीदार होणे पसंत केले. टाक कसा चालतो हे त्यांना माहीत आहे.

कलम ५. टेबल, तो टाक आणि निबांचा डबा माझ्या लेकीस. येथे थोडे विषयांतर आहे; वकिलांनी तोवर चहा घ्यावा.

लेकीने चार वर्षे खपून एक ग्राफिक नॉव्हेल केले. आमच्याच घराचे. गोष्ट तिची, चित्रे तिची, अक्षरेही तिचीच. छापायला देण्याआधी मूळ पाने माझ्या टेबलावर ठेवून ती बाजारात गेली. शेवटच्या पानावर एक मुलगी घर सोडून निघालेली, बॅग घेऊन दारात उभी, आणि बाप टेबलाशी पाठमोरा. बापाच्या तोंडचा फुगा रिकामा.

आमच्या धंद्यात रिकामा फुगा म्हणजे राहून गेलेले काम. तसा अंक छापला गेला तर संपादक माझा उद्धार करत. मला वाटले, पोरीचे राहून गेले. हात आपसूक टाकाकडे गेला आणि मी सुबक अक्षरांत लिहिले, "पोचलीस की कळव."

लेक परत आली, पान पाहिले आणि पिशवी खाली टाकली.

"बाबा, तो रिकामाच हवा होता. तुम्ही त्या दिवशी असं म्हणाला नव्हतात."

"मग काय म्हणालो होतो?"

"दार ओढून घे, वाऱ्याने पानं उडतात. एवढंच. ते जगाला दाखवायचं नव्हतं मला, म्हणून रिकामा ठेवला. तुमच्यासाठीच ठेवला होता."

येथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "शेवटी जाड कॉमिकच ना? एवढं काय त्यात!" पहिल्यांदा ते अज्ञान होते, या वेळी मी मुद्दाम म्हटले. तिने ते पान नव्याने काढले, पुस्तक निघाले, नावाजले गेले. त्याला अडीच वर्षे झाली. आमचे बोलणे नाही आणि मला ते सोसत नाही.

कलम ६. मी बिघडवलेले पान तिने फेकले होते, ते मी उचलून ठेवले. ते माझ्या पश्चात तिला द्यावे. फुग्यावर मी पांढऱ्या कागदाचे ठिगळ लावले आहे. आम्ही चुका अशाच झाकत असू. फुगा पुन्हा रिकामा आहे, कारण त्या दिवशी मी खरोखरच तसे म्हणालो नव्हतो. म्हणायला हवे होते. डिंक फक्त वरच्या कडेला आहे. ठिगळ उचलायचे की नाही, ते लेकीने ठरवावे.

येथवरचे हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, "अहो, मेल्यावर कोण कोणाला कळवणार? रविवारी नेऊन द्या की. बस तिच्या दारावरून जाते."

"आणि तिने दार उघडलं नाही तर?"

"उघडेल. माझ्यावर गेलीये ती."

सबब कलम ६ मधील 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडून तेथे 'येत्या रविवारी' असे वाचावे. माझ्या हातची ही पहिली खाडाखोड. तिच्यावर ठिगळ लावलेले नाही. साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: अक्षरे लिहिणारा

साक्षीदार:
१. बाइंडरदादा (टाक मिळाला नाही, याची नोंद घ्यावी)
२. डॉक्टरीणबाई (डोके आता खरोखर ठिकाणावर आले आहे)

स्थळ: शाईचा डाग असलेली खोली
दिनांक: अकरा मार्च, गुरुवार. रविवारला तीन दिवस आहेत.