काकूच्या नावावर माझा अंगठा

जानेफळाजवळून, घरूनच
ता. ६ मार्च १९६५

तीर्थरूप कचरूमामाले अन् मामीले तुमच्या वच्छलेचा पाया पडून जयभीम.

अठी सारे बरे हायेत, म्हंजे जेवून-खाऊन राह्यले, येवढंच. बाबा ओट्यावर बसून एकाच जागी पाहत राह्यतेत. माय चुलीपाशी बसते, फुकणी हातातच राह्यते अन् चूल इझून जाते. तुमचा गुडघा कसा हाय? अकोल्याच्या ऑफिसानं देल्ले बूट अजून चावतेत काय? दिवाळीले तुमी आलते तवा त्या बुटाचा करकर आवाज पार नाल्याच्या पलीकडून आईकू आलता, अन् उजव्या बुटाले सुतळी बांधेल होती. (सुतळीचं म्या कोणाले सांगितलं नाही.) पत्र लंबं होईन. मले चारचौघात तोंड उघडता येत नाही हे तुमाले ठाऊकच हाय, म्हणून जे बोलाचं ते सारं कागदावर काढून राह्यली. चौथीपर्यंतच शिकेल हावो, चुकलं तर समजून घेजा.

दयारामकाका लढाईत पलटणीसंगं बर्मात गेले, तिकडंच रंगूनले तांदळाच्या गिरणीत लागले अन् तिथंच लगन केलं, हे तुमाले मालूम हाय. मांगच्या वर्षी तिथल्या सरकारनं आपल्या लोकाईले काढलं तवा काका काकूले घेऊन जहाजानं मद्रासले उतरले अन् घरी आले. काका तर अठचेच. पण काकू तिथली. तिच्या कागदावर नाव मा टिन हाय, आपण जनकाबाई ठेवलं. सरकारच्या लेखी ती परदेशी बाई. म्हणून तिले दर महिन्याच्या एक तारखेले ठाण्यावर हजेरी लावा लागते. तिच्या राहण्याची मुदत सहा-सहा महिन्यानं वाढते, अन् एक हजेरी जरी चुकली तरी मुदत वाढत नाही. मुदत नाही वाढली तर परत जहाज. तिकडं तिचं आता कोणी नाही मामा. होतं नव्हतं ते सोडून आली.

त्याच्यानं आपल्या घरी महिन्याचे शेवटचे तीन दिवस हजेरीचेच असतेत. काकू कागद मेणकापडातून काढते, उन्हात ठेवते, मोजते, पुन्हा गुंडाळते. काका ठाण्यावरचा मुनशी होऊन खाटेवर बसतेत अन् तिले सवाल इचारतेत. ती हात जोडून म्हणते, “मी इथंच हाय, कुठी नाही गेलो.” (काकाच्याच तोंडून शिकली, म्हणून गडीमाणसावानी बोलते. गावातल्या बाया हासतेत, पण बुद्धवंदना तिच्यावानी सफा कोणाले येत नाही, म्हणून मांगून पाया बी पडतेत.) गेल्या महिन्यात मुनशीनं सांगितलं का, आता कोणत्या बी दिवशी ठाण्यावरचे माणसं घरी येऊन पाहतीन का बाई पत्त्यावर राह्यते का नाही. तवापासून काकू नाल्यावर धुणं घेऊन जायले बी भेत होती.

अठून पुढचं वाचून तुमाले धक्का बसन, आमाले अजून बसेलच हाय.

फेब्रुवारीच्या एकवीस तारखेले, रविवारी, मले पाहाले अमडापूरचे पाव्हणे येणार होते. कलाबाईआत्यानं जमवलं होतं. आत्यानं सकाळपासून मले हळद लावून घासलं, जशी मी पितळेची घागर. काका तर कामाच्या शोधात लोणारले गेल्ते. अन् आत्याच्या मनात आलं का, घरात बर्माची बाई दिसली तर पाव्हणे बिचकतीन, सतरा सवाल इचारतीन. म्हणून तिनं काकूले धान्याच्या कोठीमांगं बसवलं अन् वरून गोधडी टाकली. ज्या बाईले घरी दिसाचं होतं तिलेच लपवलं, पण हे त्या टायमाले कोणाच्याच डोकशात नाही आलं.

अकराच्या सुमारले दोघं जण आले. धोतर, टोपी, एक जाडे, एक पोरगेल्यासारखे, बगलेत वही. म्हणे, “बाईले पाहाले आलो.” आता आपल्याइकडं दारात आलेल्या माणसाले तुमी कोण, काऊन आले, असं कोणी इचारते काय? बाबानं पाणी देलं, सतरंजी टाकली, सुपारी समोर केली. (मामा, त्याईनं सुपारी लगेच नाही घेतली, तवाच कळाले पाहिजे होतं.) मले पाटावर आणून बसवलं. मान खाली, पदर डोक्यावर.

जाड्यानं नाव इचारलं. माझ्या तोंडातून शब्द निघेना, तवा बाबाच बोलले का, नावाचं काय घेऊन बसले, तुमच्या मनात येईन ते ठेवा, आमची ना नाही. (पोरीचं नाव लगनात बदलतेत, त्या हिशेबानं.) पोरगेल्यानं ते लिहून घेतलं. मंग वय इचारलं, उंची इचारली, उभं राह्याले लावलं, चालाले लावलं. आत्या दारामांगून मायले चिमटे घेऊन राह्यली होती का पसंत हाय, पसंत हाय. मंग जाडा म्हणे, अंगावर काही खूण? बाबाचं तोंडच उतरलं. त्याईले वाटलं खोड काढून राह्यले. म्हणे पोट्टी निर्मळ हाय, बैलबजारात बी येवढं इचारत नाहीत. पण म्या डाव्या मनगटावरचा इळ्याचा व्रण समोर केला. तो बी लिहिला.

मंग त्यानं इचारलं, अठी कवापर्यंत ठेवाचं हाय? बाबा खुष होऊन म्हणे, वैशाखाच्या आत घरातून काढून देतो, खर्च आमचा! मामा, पोरगेल्यानं हे दोन डाव वाचून पाहिलं.

शेवटी वही पुढं केली अन् शाई लावून माझा अंगठा घेतला. मले सही येते, पण मी बोलली नाही. बाबाले वाटलं, अमडापूरचे लोक लय सुधारेल दिसतेत, याद्या बी करत नाहीत, सीधा अंगठाच. ते गेल्यावर बाबानं गावात गूळ वाटला.

दुपारून खरे पाव्हणे आले. फाट्यावरच त्याईले कोणी तरी गूळ देला अन् सांगितलं का पोट्टीचं सकाळीच जमलं. तो गूळ खाऊनच वापस गेले. आमाले काय झालं ते उमजेना. आत्या म्हणे, मंग सकाळी कोण आलतं व माय? बाबा जे बसले ते बसलेच.

ते कळलं एक तारखेले. काकाकाकू ठाण्यावर गेले, मुनशीनं वही उघडली. त्यात लिहेल असं का, बाई वय अंदाजे सोळा, डाव्या मनगटावर व्रण, मुकी, नाव सांगत नाही, घरचे म्हणतेत कोणतं बी नाव ठेवा, अन् वैशाखाच्या आत स्वखर्चानं देश सोडाले तयार. मुनशीनं काकूकडं पाहिलं. काकूनं हात जोडले, “मी इथंच हाय, कुठी नाही गेलो.” मुनशी म्हणे, तू कोण वं? वहीतली बाई कुठी हाय? चाळीस वर्षाची बाई तीन दिवस कागद उन्हात घालून हजेरीले गेली अन् तिची हजेरी माझ्या अंगठ्यानं खाल्ली.

आता पंधरा तारखेले मोठे साहेब बसणार हायेत. दोघीईले हजर राह्याले सांगितलं. मी अठचीच हावो याचा कागद पाहिजे, तवा तो अंगठा खोडता येईन अन् काकूचं नाव तिच्या जागेवर लागन. नाही खोडला तर काकू पत्त्यावर मिळाली नाही असंच राहीन, अन् तिची मुदत त्याच महिन्यात सरते. माझं नाव शाळेत तुमीच घातलं होतं, रजिस्टरात सही तुमचीच हाय. चौथीत तपासणीवाले साहेब आले अन् गुरुजीनं मले कविता म्हणाले उभं केलं, तवा जी मी पळाली ते दाखला घ्याले बी वापस गेली नाही. तुमी येऊन तो दाखला काढून द्या, येवढीच इनंती. मामीले जयभीम. बारक्याले पापा.

तुमची भाची,
वच्छला

ता. क. अमडापूरवाल्यानं निरोप पाठवला का बर्माच्या रजिस्टरातली पोरगी आमाले नको. आत्या दोन दिवस रडली. मले रडू नाही आलं. बाबाले हे सांगू नका.

ता. क. दुसरं. हे बी बाबाले सांगू नका. साऱ्याईनं त्या दोघाईचे तोंडं पाहिले, पण माझी मान खाली होती. मले त्याईच्या धोतराखाली पोलिसाचे लाल बूट दिसले, पाटावर बसल्याबरोबरच. मले वाटलं काकूले न्याले आले, अन् ती कोठीमांगं होती. नेतीन तर मले नेतीन, असं वाटलं, म्हणून अंगठा देला. मी लाजून गप्प नव्हती बसली मामा. माझ्याच्यानंच तिचं वाटोळं होऊन राह्यलं.

ता. क. तिसरं. दाखला नाही मिळाला तरी या. साहेबासमोर हे म्याच सांगाले पाहिजे, दुसऱ्या कोणाले मालूमच नाही. काकू रोज मुनशी होऊन खाटेवर बसते अन् मले सवाल इचारते. काल माझ्या तोंडातून शब्द निघाला, तो बी “कुठी नाही गेलो” असा. तुमी काही बोलू नका, निस्तं बाजूले उभे राहजा. अन् तेच बूट घालून येजा, सुतळीवाले. मान खाली गेली तरी मले दिसन का तुमी आले.