विजयदुर्गात थांबलेला मंगळवार

बाबा, आई सगळ्यांना सांगत फिरते की मी तुमच्यावर गेलोय. परवा झाँसीत लक्ष्मी गेटच्या भाजीवाल्यालासुद्धा म्हणाली, "लड़की गई भैया, पर ड्यूटी नहीं छोड़ी. बाप पे गया है." मला हे मान्य नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी भांडायला मला तुम्हीच लागता.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. त्याची माफी मागणार नाही. मुंबईहून गोव्यापर्यंत पाहुण्यांना किनाऱ्याने फिरवणाऱ्या शिडाच्या बोटीवर खलाशी झालो. झाँसीत समुद्र नाही म्हणून काय झालं. जी गेली ती मुलगी कॉलेजात माझ्या वर्गातली, झाँसीजवळच्या बबिना छावणीतल्या फौजी घरातली. मराठी बोलताना अडखळते, आणि अडखळली की माझं मनगट धरते. सुट्टीत तिच्या घरचे सगळे मालवणला, त्यांच्या गावी गेलेले. मंगळवारी चार वाजता मला भेटायला तिचे वडील कसेबसे तयार झाले होते. "पप्पा एकच टाइम देतात. लेट मत होना," ती म्हणाली. मी पडलो मालगाडीच्या गार्डाचा मुलगा. शिडाच्या बोटीचंही टाइमटेबल करून तिला पाठवलं : मालवण आगमन, पंधरा वाजून वीस मिनिटं.

मंगळवारी सकाळी वारा फिरला. दक्षिणेचा, थेट तोंडावर. आमच्या तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्या मालवणी काकांनी, आभाळाकडे बघितलं आणि बोट विजयदुर्गच्या खाडीत घातली. पाहुणे खूश, किल्ला बघायला मिळणार म्हणून. मी भडकलो. आज मालवण ठरलं होतं, म्हणालो. "दर्यो तुझा टायमटेबल बघूचो नाय, भैया," ते म्हणाले, आणि मला नांगराकडे पिटाळलं.

तेव्हा तुम्ही आठवलात आणि राग दुप्पट झाला. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तुमची गाडी चिरगाँवला सहा तास उभी. बाहेरच्या रस्त्यावरून झाँसीच्या बसेस जातायत. तुम्ही चढत नाही. इकडे मी अकरा वर्षांचा, हॉस्पिटलच्या बाकावर एकटा बसलोय. घरी आल्यावर मी तोंड सोडलं, तर म्हणालात, "गार्ड गाडी सोडून जात नाही. मोठा झालास की कळेल." झालो मोठा. अजून पटलेलं नाही.

मालवणला मी पोचलो नाही. एकच वेळ देणारा तो माणूस पाच वाजेपर्यंत फाटकात उभा होता, मग आत गेला. एवढं सांगून तिने फोन ठेवला, तो पुन्हा उचललेला नाही. आईला वाटतं, बोट सोडता येत नव्हती. मी वाटू दिलं.

खरं म्हणजे तांडेल स्वतःच म्हणाले होते, "नांगर बसलो. आता तुझा हय काय काम नाय. बाराची एसटी पकड, तीनाक मालवण." मी हललो नाही. मला बोटीतूनच उतरायचं होतं, तिच्या वडिलांना शीड दिसायला हवं होतं. कॉलेज सोडलेला पोरगा पिशवी घेऊन एसटीतून उतरताना त्यांनी बघू नये, म्हणून वारा परत फिरेल या आशेवर संध्याकाळपर्यंत डेकवर बसून राहिलो.

तुमची निदान ड्यूटी तरी होती. तरीही तुम्ही त्या बसमध्ये चढायला हवं होतं. ते मी मागे घेत नाही. बाकीचं तुम्हाला सांगून टाकलं, कारण तुम्ही आईला सांगणार नाही.