पूर्ण समाधानी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, असं तू विचारलंस. त्या दर पंधरवड्याला मोबाइलवर दिसतात, पण बोलतात आमच्या हेडमास्तरांशी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दुसऱ्याच्या वतीने उत्तरं द्यायची ह्यांची खोड जात नाही. स्टँडवर फोन लावतात, तोही स्वतःकडे तोंड करून. दुखतं का विचारलं की म्हणे अजिबात नाही, जेवण उत्तम, झोप गाढ. इकडे माझ्या पाठीत सळई फिरते आणि मला आडवंही होता येत नाही. तोंड उघडलं की हात दाबतात. सारखं रडगाणं गायलं तर डॉक्टर कंटाळतात, असं ह्यांचं शास्त्र.

मग हॉस्पिटलचा समाधानाचा फॉर्म येतो, ह्यांच्याच फोनवर. सगळीकडे 'पूर्ण समाधानी' दाबून मोकळे! तीन महिने हेच चाललंय. ताई, आता दुखण्यापेक्षा ह्यांचाच संताप येतो.

तुझी,
धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. मी चिडवलं म्हणून माझी वेणी कापणारी तू हीच ना? त्या फॉर्मच्या शेवटी लिहायला जागा असेल. मेहुणे आंघोळीला गेले की लिही. त्यांना माझा नमस्कार मुळीच सांगू नकोस.

तुझी,
ताई

२६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहिलं. एकच ओळ: पेशंट मी आहे, मला अजून कोणी काही विचारलेलं नाही.

काल बाईंनी आधी मला समोर बसवलं आणि ह्यांना गप्प राहायला सांगितलं. स्टँड ऐन वेळी सापडेना, म्हणून फोन ह्यांनाच धरावा लागला. चाळीस मिनिटं मी एकेक दुखणं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. इतकं अंगावर काढायला नको होतं म्हणाल्या, लगेच औषध बदललं, पाठीची तपासणी लिहून दिली. ह्यांच्या हातातला फोन कलंडायला लागला, तेव्हा नीट धरा म्हणून मीच दटावलं. ह्यांचे डोळे भरून आले. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू.

काल पाठ टेकून झोपले. फॉर्म आज मी भरला. 'पूर्ण समाधानी.'

स्टँड माझ्या ट्रंकेत आहे, साड्यांच्या तळाशी. हे सकाळपासून शोधताहेत. मी तीन महिने गप्प बसले, तर तीन महिने तो सापडायचा नाही.

लोभ आहेच, तो असाच धगधगता ठेव.

तुझी,
धाकटी