चव्वेचाळिसावं रेकॉर्डिंग

शुगर लँड, टेक्सास
१४ जून २०२५

ती. लतिकाताईस,
सा. न. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. रुचा, जावईबापू मजेत. माझी शुगर अमेरिकेत येऊनही तशीच. इथे इतकं उकडतं की चिपळूण परवडलं म्हणायचं. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

गेल्या शनिवारी दुपारी शेजारच्या विन्स्टनकडे जेवायला होतो. त्रिनिदादचा माणूस, माझ्याच वयाचा. त्याला एकच वेड. त्यांच्याकडच्या एका जुन्या कॅलिप्सो गाण्याची रेकॉर्डिंग्ज जमवायची. एकाच गाण्याची त्रेचाळीस, ताई! हॉटेलातला बँड, चर्चमधल्या बायका, कुणी जपानी बाई, दंतमंजनाची जाहिरातसुद्धा. गाण्यात नवरा बकरी विकून हॅट आणतो आणि बायको त्याला झाप झाप झापते.

पहिली तबकडी लागली मात्र, आमची नात रुही, वय वर्षं नऊ, सगळ्यांदेखत ओरडली, "दॅट्स माय आजोबाज साँग! ही मेड इट!"

मी हातातली ताटली खाली ठेवली.

आता सांगूनच टाकतो. आपल्या दिनूमामानं बोटीवरून आणलेली तबकडी तूही ऐकली होतीस. माझ्या 'रेडकू विकून आणला रेडिओ' या गाण्याची चाल मी तिच्यावरूनच उचलली. शब्द तेवढे माझे. शहात्तरच्या गणपतीत 'संगीत : एकनाथ' अशी पाटी लागली, आणि तू आपल्या अख्ख्या ऑर्केस्ट्रासमोर म्हणालीस, "एक्या, चाल तुझी नव्हे." मी तुला जळकी म्हणालो. पुढच्या कार्यक्रमाला तुझ्या जागी दुसरी मुलगी गायला उभी केली. त्यानंतर तू कुठेच गायली नाहीस. लग्नाकार्यात भेटलो की आपण हवापाण्यावर बोलतो. तू खरं बोलली होतीस, ताई. मी चुकलो. फार चुकलो.

हे सगळं विन्स्टनला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. वाटलं, आता हा मला पानावरून उठवतो. तर पठ्ठ्या पोट धरधरून हसला! म्हणाला, पहिल्या तबकडीवर ज्याचं नाव आहे, त्यानंही ते ढापलेलंच. बंदरावर कोळशाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांचं गाणं ते, त्यांना कुणी विचारलंच नाही. मग मला मधोमध उभं करून गायला लावलं आणि रेकॉर्डही केलं. सगळं अंगण नाचलं. आपली रुचा नाचली! रुही म्हणते, "आजोबा, सो यू स्टोल इट?" म्हटलं, हो बाळा. तर म्हणे, "ओके. सिंग अगेन."

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

विन्स्टनच्या नोंदवहीत आता चव्वेचाळिसावं रेकॉर्डिंग मराठी आहे, पण अर्धंच. बायकोचं कडवं मी गायलो नाही, ते तुझं आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव. आवाज बसलाय वगैरे सबबी नकोत. नवऱ्याला झापायला गळा कशाला गोड लागतो? गायिका म्हणून तुझं नाव मी आधीच घातलंय. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'शब्द आणि पेटी'.

मला माफ कर किंवा नको करूस, पण गा.

तुझा पेटीवाला,
एकनाथ