आग्नेय कोपऱ्यातली फरशी

सातारा,
९ ऑक्टोबर २०२५

चि. सुमंतास,

आशीर्वाद आहेतच, ते परत घेता येत नाहीत म्हणून.

आम्ही इकडे ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतोय, बाकी रोजचंच. फोनवर तू "ताई, साइटवर आहे" म्हणून मला तोडतोस, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं.

दसऱ्याला ऋचाच्या वास्तुशांतीला तू आला नाहीस. मामाने मिरजेत बांधलेल्या इमारतीत भाचीचं पहिलं घर, आणि मामाचाच पत्ता नाही! वास्तुपुरुष पुरायला आग्नेय कोपऱ्यातली फरशी काढायची होती. तुझाच गवंडी, गुंडा, छिन्नी-हातोडा घेऊन आला. छिन्नी लागलीच नाही. डब्याचं झाकण उचलावं तशी फरशी नुसत्या बोटांनी निघाली. खाली सिमेंटचा पत्ता नाही. काळी ओली कच, गुटख्याच्या पुड्या आणि संडासाच्या पाइपातून झिरपलेलं पाणी! गुरुजींनी हात मागे घेतला. वास्तुपुरुष तबकातच राहिला. स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येत होता आणि इथे हा. मी पदर नाकाला लावला.

गुंडाला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "आक्का, मला नगा इचारू. मालक म्हणले उरका, आमी उरकलं."

भाड्याची जागा सोडलेली, म्हणून ऋचा आणि जावई तिथेच राहिले. मग कराडहून जावयाच्या मित्राला, जयराजला बोलावलं. घेण्याआधी घरं तपासून देणं हाच त्याचा धंदा. आधी बोलावला नाही, कारण घर मामाचं! त्याने काठीने फरश्या ठोकल्या, निम्म्या पोकळ वाजल्या. बाथरूममध्ये बादली ओतली, तर पाणी जाळीकडे जायचं सोडून उंबरा ओलांडून देवघराकडे निघालं. खिडकीच्या चौकटीभोवती बोट जाईल एवढी फट, वरून पुट्टी फासलेली. हॉलमधलं ते नक्षीदार पीओपी उचकटलं, तर वरच्या बाथरूमची गळती आणि हिरवी बुरशी. गजकर्णावर पावडर थापावी तसं घर सजवलंस रे!

"काकू, लय घाण काम हाय," जयराज म्हणाला. "पर ह्ये नेहमीचं, दुरुस्त हुतंय. ही वायर तेवढी बघा." अर्थिंगची हिरवी वायर बोर्डामागे वीतभर होती. पुढे ती कुठेच गेली नव्हती.

इथवर तुला फोनवर सांगितलं होतं. पुढचं माझ्याच्याने बोलवलं नाही. जयराज यायच्या आदल्या दिवशी ऋचाने ओल्या हाताने गिझरचा नळ धरला होता. ती फेकली गेली, दारावर आदळली. तिला पाचवा महिना आहे, सुमंत. मिरजेच्या दवाखान्यात बाळाचे ठोके लागेपर्यंत मी भिंतीला धरून उभी होते. ठोके लागले. दोघंही सुखरूप आहेत. आणि ती वेडी पोर मला म्हणते, "आई, मामाला नको सांगू, त्याला वाईट वाटेल."

आणि तिचा मामा फोनवर काय म्हणाला होता? "सगळ्यांच्याच घरात असतं हे, ताई. वरचे फ्लॅट जाईपर्यंत गप्प बस." त्या फरशीखालच्या पाण्याची आली नव्हती इतकी किळस मला तुझी आली.

काल तुझा ड्रायव्हर भाऊबीजेची पैठणी घेऊन आला. दिवाळी अजून दूर आहे, ओवाळण्याआधीच ओवाळणी कशाची, ते न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. पैठणी त्याच्याच हाती परत दिली. आणि वरचा फ्लॅट बघायला आलेल्या कुपवाडच्या अंकिताला फरशी, बुरशी, वायर सगळं मीच दाखवलं. ती आता घेत नाही. उगाच गुंडावर आग पाखडू नकोस.

ऋचा सध्या माझ्याकडे आहे. बाळंतपण इथेच होईल, पण बाळ घेऊन तिला स्वतःच्याच घरी जायचंय. तुझ्या बंगल्यावर मी येणार नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी तिच्या त्या घरात निरांजन घेऊन बसेन. त्याआधी पाइप बदल, वायर जमिनीपर्यंत ने, फरशी उखडून नव्याने बसव. मग ये. मी पाट मांडून ठेवीन.

काम झालेलं नसेल तर जिना चढू नकोस. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, मीही ओवाळीन.

अजून तरी तुझी,
भार्गवीताई